फरशीखालचं ऊन

९ सप्टेंबर

पाणी की दगड? दिवसभर डोक्यात दुसरं काही नाही.

चोरोल आली होती. लेहमध्ये उन्हावर घरं तापवून देण्याचं काम करते ती मुलगी; मला थोरली बहीण मानून आचे-ले म्हणते. खोलीच्या दक्षिणेच्या भिंतीला काच तर लागली. काचेमागे तापलेली हवा पंख्याने फरशीखाली ढकलायची, तिथे दिवसभराचं ऊन साठवायचं, रात्री ते फरशीतून वर येईल. पण साठवायचं कशात?

"आचे-ले, तेवढ्याच जागेत पाणी दगडाच्या दुप्पट उष्णता धरतं," म्हणाली. आणि लगेच, "पण एखादं पिंप गळलं तर सगळी फरशी उकरावी लागेल." अगं, मग आधी आशा कशाला लावतेस!

आबाले चुलीपाशी खोकत होते. डॉक्टरांनी बजावलंय — वडिलांनी शेणाच्या धुरात आणखी एक हिवाळा काढला तर फुप्फुसं साथ देणार नाहीत. खोली थंडीआधी झाली तर आबाले घरी राहतील. नाहीतर माझ्या धाकट्या भावाकडे, नोनोकडे, जम्मूला. मागे एकदा गेले होते. महिनाभर खिडकीत बसून विचारत होते, "इथले डोंगर कुठे ठेवलेत?"

१३ सप्टेंबर

सल्ले देणाऱ्यांची काही कमी नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. शेजारची पद्मा म्हणते वाळू भर. गवंडी म्हणतो कच्च्या विटा. आणि नोनो फोनवर — "आचे-ले, दगडगोटे काय भरतेस? मेणाच्या पिशव्या मिळतात. मेण वितळताना उष्णता धरून ठेवतं." जम्मूत बसून उंटावरून शेळ्या हाकतोय. पिशव्या कुरतडणारे आमच्या घरातले उंदीर त्याला माहीत नाहीत का?

वाळूतून हवा जाणार नाही. विटांचा चुरा पंख्यात जाईल. पाणी — आठवडाभर ढग आले, वीज गेली, पिंपं गोठून फुटली तर? उरला दगड.

१६ सप्टेंबर

दगड ठरला म्हणून सुटले असं वाटलं होतं. कसलं काय! कुठला दगड?

चोरोल सांगते — गोल गोटे, बटाट्याएवढे, जड. चपटे नकोत, एकमेकांवर बसतात आणि हवा अडते. पापुद्रे सुटणारे नकोत. संध्याकाळपर्यंत नाल्यात फिरून हातोडीने दगड वाजवत बसले. नीट खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर सोडायचा. गावातली पोरं हसत होती.

आबाले म्हणाले, "झऱ्याजवळचे आणू नकोस."

"नाही आणत."

झऱ्यात लू, म्हणजे पाण्यातले नागदेव, राहतात. त्यांचं घर उचलून आपल्या घराखाली घालायचं म्हणजे दुखणी ओढवून घ्यायची. शाळेत तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं मी! तरी झऱ्याकडे पाय वळला नाही.

२० सप्टेंबर

गावच्या ज्योतिषाने, ओन्पोने, पंचांग बघून खणायला दिवस दिला — आठवड्यानंतरचा. थंडीला सांगा म्हणावं तेवढं.

५ ऑक्टोबर

खड्डा झाला. ऊब खाली जमिनीत मुरू नये म्हणून तळाला थर्माकोल. तो कापताना होणारा आवाज आबालेंना सहन होत नाही, दुपारभर पद्माकडे जाऊन बसले. मला जेवण गेलं नाही. सारखं वाटतं काहीतरी राहिलंय.

१४ ऑक्टोबर



निम्मा खड्डा भरला होता. आबाले काठावर बसून उगाच एकेक गोटा हातात घेत होते. एकदम म्हणाले, "थांबा."

त्यांच्या हातातल्या गोट्यावर अक्षरं होती. झिजलेली, पण मणीचीच — ओम मणी पद्मे हूं. पुराच्या वर्षी वरच्या गावाजवळची मणी भिंत वाहून गेली, तिचे दगड नाल्यात लोळून लोळून गोटे झाले. आणि मी काय बघत होते? गोल आहे का, जड आहे का, खणखणतो का! ज्या दगडाला माणूस उजव्या हाताला ठेवूनच वळसा घालतो, तो मी आपल्या तळव्यांखाली गाडत होते.

गवंड्याने फावडं खाली ठेवलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळे दगड बाहेर काढायचे.

१८ ऑक्टोबर

अंगण दगडांनी भरलंय. आबाले उन्हात बसून एकेक तपासतात. डोळ्यांना न दिसणारं बोटांना कळतं म्हणतात. आतापर्यंत पाच सापडले. धुळीने खोकला वाढलाय. मी त्यांच्या तोंडाला फडकं बांधलं तर काढून टाकलं — "फडकं बांधून मणी कशी म्हणू?"

नोनोचा फोन. "आचे-ले, आता बास कर. त्यांना दगडांपायी मारशील तू."

"तू विमानाने ये आणि दोन दगड उचल, मग बोल," म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर वाटलं, खरं तर बोलतोय तो.

२२ ऑक्टोबर

खरं लिहू? आज नोनोला हो म्हणावंसं वाटलं. आबालेंना पाठवावं, आणि मागोमाग मीही जावं. नवरा नाही, मूल नाही, शाळाही सुटली. मी कुणासाठी इथे नळ गोठलेला बघत बसू? गावात दर हिवाळ्याला आणखी चार दारं बंद होतात. थकले आहे मी. फार थकले आहे.

आबालेंनी विचारलं, "कसला विचार चाललाय?"

"दगडांचा."

"दगडांचा विचार करणारा माणूस रस्त्याकडे बघत बसत नाही," म्हणाले आणि पुढचा गोटा उचलला.

२ नोव्हेंबर

फरशी बसली. सापडलेले मणी दगड वरच्या छोर्तेनच्या स्तूपाजवळच्या मणी भिंतीवर नेऊन ठेवले. आबाले सगळी चढण स्वतः चढले, मध्ये चारदा बसले.

फरशी बर्फासारखी गार.

४ नोव्हेंबर

अजून गार! चोरोल म्हणते एवढ्या दगडांना तापायला वेळ लागतो, धीर धरा. धीर कुठून आणू? दर तासाला ओणवी होऊन फरशीला तळहात लावते. आबाले म्हणतात, "ताप बघतेस का तिचा?"

११ नोव्हेंबर

ऊब आली!

बाहेर बादलीतलं पाणी दगड झालंय आणि आत आबाले टोपी काढून बसलेत. चूल थंड. काल रात्री थुक्पा पलीकडच्या स्वयंपाकघरातून गॅसवर करून आणला. "विस्तव नाही आणि ऊब आहे. हे घर आहे की कोंबडीचं पोट?" म्हणाले. दोन वाट्या प्यायले. पहाटेपर्यंत एकदाही त्यांच्या खोकल्याने जाग आली नाही. किती दिवसांनी मी सलग झोपले.

१९ नोव्हेंबर

नोनो येऊन आबालेंना घेऊन गेला.

तिकीट आबालेंनीच मागवलं होतं. खड्डा खणायला घेतला त्याच आठवड्यात! विमानतळाच्या दारात मी लोकांसमोर ओरडले, "मग एवढं सगळं कुणासाठी केलं मी?" माझा हात धरून हळूच म्हणाले, "मी मेल्यावर त्या थंड घरात तू एक हिवाळासुद्धा काढला नसतास, पोरी. आता काढशील; पण मी इथे असलो तर माझ्यासाठीच राहशील, म्हणून निघालो. माझं काय, मला जम्मूतही खोकता येतं."

घरी आले. खोली छान गरम आहे. राहीन की नाही, माहीत नाही. उद्या पंख्याची जाळी साफ करायची आहे.