दहाच्या आकड्यावरचं कुंकू

सांगली, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९४९. दिवेलागण.

आष्ट्याच्या गिऱ्हाइकाचा रेडिओ दुरुस्तीला उघडला होता. लष्करी भंगारातून घेतलेल्या, विजेचा दाब पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची सळई आत टेकवली, पडद्यावर पंचवीस व्होल्ट दिसले. पंचवीसच ना, म्हणून तार सारखी करायला बेधडक बोट घातलं. स्टुलासकट मागं कोसळलो.

पंचवीस व्होल्ट माणसाला असं फेकतात?

सळया दोन आहेत. एक साधी. दुसरी दहावा हिस्साच दाखवते, तिचा आकडा दहानं गुणायचा. हाती तीच आली, म्हणजे आत अडीचशे होते! रेडिओत तेवढे असतात, हे मला ठाऊक नाही? पण पडद्यावर पंचवीस दिसले आणि अक्कल गहाण पडली. तिच्या दांडीवर दहा कोरलेत. ते दिसले कसे नाहीत? खंडेनवमीला हिनं हत्यारं पुजली, त्या कुंकवात बुजले.

बायकोवर खेकसलोच, "कुंकवाला तीच जागा सापडली?"

"आवं, तुमीच म्हणालासा, ही लय जपायची. म्हणून तिला जास्त लावलं."

फडकं घेतलं, पण कुंकवावर फिरवायला हात धजेना. शेवटी हिनंच पदरानं तो आकडा लख्ख पुसला. मग आपलं कपाळ बोटानं चाचपून पाहिलं.