बाबांच्या मास्कचं माप

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

बाबांचा झोपेत श्वास अडकतो म्हणून मी मशीन पाठवलं. मास्कमधून सतत दाबाने हवा गेली की घसा मिटत नाही. इथे परक्या माणसांचे चेहरे मोजून मी रोज हेच मास्क बसवते. बाबांचा मात्र जुना फोटो बघून मागवला. आपल्याच बापाचा चेहरा, त्याला माप कशाला?

मास्कमधून शिट्टी वाजते आणि बाबा झोपेतच "कुकर उतरव" म्हणतात, हे सांगितलंस तेव्हा मला हसायला हवं होतं. मी खेकसले, "पट्टे आवळ ना!" इथे पेशंटने पट्टे आवळले तर मीच त्यांना ओरडते. आता बाबांच्या नाकावर जखम झाली. ती तुझ्या हातून नाही, माझ्यामुळे झाली गं.

जखम भरेपर्यंत त्यांना कुशीवर झोपव. दादासोबत त्यांना उद्याच डॉक्टरांकडे पाठव. मी दुसरा मास्क पाठवते, पण आधी दादाने चेहरा नीट मोजून कळवावं.

काल तू बोलता बोलता म्हणालीस, "कवळी काढून ठेवतात, मगच मास्क लावतात." दात नसले की गाल आत जातात आणि तिथून हवा गळते. शिट्टीचं कारण मला लगेच कळलं.

पण आई, बाबांना कवळी बसवली कधी?

तुझी,
धाकटी