पन्नासपैकी अठ्ठेचाळीस

सोमवार, ३ तारीख

पोहोचले एकदाची! खोली ऐसपैस आहे. दोन लोखंडी खाटा, कोऱ्या चादरी, खिडकीबाहेर कवायतीचं मैदान आणि त्यात चाकं काढून ठेवलेली एक जुनी अँब्युलन्स. दीड आठवड्याचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा, मग प्रमाणपत्र. ते हातात पडलं की एक तारखेपासून अग्निशमन केंद्राच्या अँब्युलन्सवर माझी नेमणूक पक्की. लेकीने शाळेत आत्ताच सांगून टाकलंय, की आईची गाडी सिग्नलला थांबत नाही.

खोलीतली जोडीदारीण बेकरी चालवते. वयाने मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. तिने आल्या आल्या जाहीर केलं, की भट्टीवर इतके चटके खाल्लेत, भाजल्याच्या धड्यात तिला गुण फुकटच मिळायला हवेत. मोबाइल मात्र दारातच जमा करून घेतले. अभ्यासात लक्ष राहावं म्हणून.

बुधवार, ५ तारीख

मुख्य प्रशिक्षकांना सगळे मास्तर म्हणतात. तीस वर्षं अँब्युलन्सवर काढलेला, हळू बोलणारा माणूस. आज खोट्या जखमांवर सराव झाला. त्या जखमा बनवायला इथे एक रंगारी आहे, आणि काय हात आहे त्याचा! डिंक, मेण आणि लाल रंगातून त्याने एका कर्मचाऱ्याच्या मांडीतून असं हाड बाहेर काढलं, की आमच्यातला एकजण मटकन खाली बसला. तास संपल्यावर तोच ‘जखमी’ उठला, मेण सोलून टाकलं आणि आमच्याबरोबर चहा प्यायला.

मास्तरांचा नियम एकच. सराव मध्येच सोडायचा नाही. रुग्ण किंचाळेल, शिव्या घालेल, थांबा, हे खरं आहे, असंही म्हणेल. त्याला ते शिकवलेलंच असतं. जो थांबला त्याला शून्य.

शनिवार, ८ तारीख

लेखी परीक्षेत ताई दोन गुणांनी गेली. बिचारी पिशवी भरायलाच लागली होती. पण मास्तरांनी तिला घरी पाठवलं नाही. काही दिवस रुग्ण म्हणून काम करायचं, मग पुन्हा संधी. ताईची कळी लगेच खुलली. म्हणाली, आयुष्यात कुणी माझा मेकअप केला नव्हता, आता रोज फुकटात. राहायला मागच्या इमारतीत गेली. रुग्णांशी ओळख वाढली की हात कचरतो, म्हणून त्यांना वेगळं ठेवतात म्हणे.

सोमवार, १० तारीख

आज माझी रुग्ण ताई होती. डावी नडगी मोडलेली, हाड कातडी फाडून वर आलेलं, चटईवर रक्ताचं थारोळं. मला पाहताच ती किंचाळली. अगं, खरं आहे गं हे, हातोडीने मारलंय त्याने, मास्तरांनी पाय धरून ठेवला होता. मी मनात म्हटलं, ताई नाटकात जायची ती बेकरीत कशाला गेली! मांडीला पट्टा बांधला, त्यातली दांडी पिळत गेले. तिने माझ्या दंडाचा कडकडून चावा घेतला. मी आणखी एक वेढा पिळला आणि रक्त थांबलं. पद्धतीप्रमाणे तिच्या कपाळावर मार्करने पट्टा बांधल्याची वेळ लिहिली, अकरा वाजून सात मिनिटं.

पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. वर्गात सर्वांत जास्त. टाळ्या पडल्या.

चहाला ताई आली नाही.

मंगळवार, ११ तारीख

नखांखालचं रक्त काळं पडलंय. रंग असा वाळत नाही. आणि काल डिंकाचा वासही नव्हता.

दुपारच्या सुट्टीत मागच्या इमारतीत गेले. रंगारी नळाखाली हातोडी धूत होता. त्याचे रंगाचे डबे उघडेच होते, आतला रंग वाळून भेगाळलेला. मला पाहून ओळखीचं हसला.

मास्तरांना जाऊन विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, मेणाच्या हाडावर शिकलेली माणसं खरं हाड दिसलं की गोठतात, तीस वर्षं मी हेच पाहिलं. माझा एकही विद्यार्थी गोठत नाही. आणि तुझ्या हातून ती वाचलीच ना? उद्या अंतिम परीक्षा दे, प्रमाणपत्र घे आणि घरी जा.

फाटकाला कुलूप आहे. वर्गातल्या सगळ्यांना सांगितलं. एकाने मलाच समजावलं, अगं, ही पण परीक्षाच असणार, आपण रुग्णाला पाहत असतो ना तसं मास्तर आपल्याला पाहतात.

उद्या फक्त हात चालवायचे. मग लेकीजवळ. फक्त हात —

बुधवार, १२ तारीख

पुन्हा ताई. पोट उभं चिरलेलं. ओरडत नव्हती. कपाळावर माझेच आकडे, पुसट — अकरा, सात.

मी हात लावला नाही. ओरडत सुटले. थांबा, हे खरं आहे, फाटक तोडा, कुणाला तरी बोलवा. दहाजण मांडीवर वह्या घेऊन बसले होते. मागून कुणीतरी काळजीने म्हणालं, अगं, गुण जातील.

मग भानावर आले. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी — बोटं आत बुडाली — गरम — ताईने विचारलं, इतका वेळ कुठे होतीस. डोळे तसेच राहिले.

मास्तरांनी घड्याळ थांबवलं. चार मिनिटं वाया घालवलीस, म्हणाले. आल्या आल्या दाबून धरलं असतंस तर वाचली असती.

खरं आहे ते. वाचली असती.

शून्य.

गुरुवार, १३ तारीख

मागची इमारत. पाय खाटेला बांधलेत. वही राहू दिली.

उरलेल्यांची परीक्षा आज. भिंतीवर विषय लिहिलाय, मनगटापासून तुटलेला हात. मी कुणाच्या वाट्याला — तो गुणांची काळजी करणारा — मी ओरडले तरी तो थांबणार नाही —

रंगारी आलाय. करवत फडक्याने पुसतोय. मायेने विचारतोय, कामाचा हात कोणता तुझा.

डावा, मी म्हणाले. खोटंच. निदान उजवा तरी —

तो म्हणतो, बरं झालं बाई, आधी विचारलं. डाव्याला धक्का लावत नाही, पुढे पोट भरायला लागेल तुला. वही ठेव आणि उजवा इकडे —