घारराणीच्या पोशाखाबद्दल

मी, हाशिम इस्माईल वस्ता, वय ६८, धंदा शिवणकाम, मूळ गाव नाटे, तालुका राजापूर, सध्या राहणार रत्नागिरी, दुकानामागच्या खोलीत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. चालताना दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतो. कोणी दडपण आणलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

पत्नी रझिया २००३ साली वारली. मुलगा अनस, नोकरीनिमित्त दोहा येथे, हा माझा एकटाच वारस.

१. नाटे येथील घर, भोवतीच्या माडांसह, अनसचे. दफनाचा खर्च वजा जाता बँकेत राहील तेही त्याचेच.

२. शिलाई मशीन यमुनाबाईंना. तेवीस वर्षे त्यांनी माझ्याकडे काज-बटणे केली आणि एकही काज वाकडे गेले नाही. माझी शिलाई पुष्कळदा गेली, ते त्यांनी गिऱ्हाइकाला कळू दिले नाही.

३. माझी मोठी कात्री भाऊ अकबर याने २००१ साली पत्रा कापायला नेली. कापडाच्या कात्रीने पत्रा कापणाऱ्याला काय म्हणावे, हे मला अजून सापडलेले नाही. ती त्याच्याकडेच राहू द्यावी.

४. दुकानाचा गाळा, मागच्या खोलीसह, कु. रेणुका राजाराम मोहिते हिला. तिचे-माझे रक्ताचे नाते नाही, म्हणून कारण लिहितो. वकीलसाहेब म्हणतात, एवढे लिहायची गरज नाही. मला आहे.

१९९९ च्या जानेवारीत शाळेच्या वेशभूषा स्पर्धेसाठी माझ्याकडे तडितवीराचे अकरा पोशाख शिवायला आले होते. तडितवीर म्हणजे रविवारी दुपारी टीव्हीवर लागायच्या मालिकेतला हिरो. रेणुका तेव्हा आठ वर्षांची. आमच्या दुकानावरच्या वाडीतली, वडील कचेरीत कारकून. तिला घारराणी व्हायचे होते. ती त्याच मालिकेतली दुष्ट बाई, दर रविवारी शेवटी पिंजऱ्यात पडणारी.

मी विचारले, "अगो, सगळे हिरो झाले, तुलाच ही कशाला हवी?"

"तो नुसती मारामारी करतो, चाचा. उडते ती."

मी काळ्या सॅटिनचे पंख शिवले, चोचीचा मुखवटा केला आणि देताना म्हणालो, "हे घातलंस की तू खरीच उडशील बघ." नवऱ्या मुलाला कोट चढवताना 'राजा दिसतोस' म्हणतो, तसेच बोललो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती तो पोशाख घालून वाडीतल्या पाण्याच्या टाकीवर चढली आणि तिथून पडली. कमरेखालचे शरीर गेले.

सगळ्यांनी टीव्हीला दोष दिला. पालकांची सभा भरली. मीही उठून बोललो, असल्या मालिका बंद करा, लेकरांचा घात करतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजारामभाऊंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. माझे वाक्य मी कोणालाच सांगितले नाही. त्या सभेचे दार माझ्यासाठी पुन्हा उघडलेच नाही, मी आजही आतच बसलेला आहे, असे मला वाटते.

मोहित्यांचे घर पाखाडीवर, चिऱ्याच्या चाळीस पायऱ्या चढून. माझ्या दुकानातून ते सरळ दिसते. आठ वर्षे मी दाराकडे पाठ करून शिवत आलो. राजारामभाऊ तिला पाठीवर घेऊन उतरत, दवाखान्यासाठी आणि परीक्षेसाठी. आता त्यांची कंबर धरली. दीड वर्ष ती खाली आलेली नाही.

गेल्या महिन्यात मी चढलो. चार ठिकाणी बसलो. ती खिडकीशी वाचत होती. मी तिला सगळे सांगितले, सभेतल्या टाळ्यांसकट. तिने ऐकून घेतले.

"तुम्ही बोललात म्हणून नाही मारली उडी, चाचा. पंखांनी उडता येत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण खाली सगळी पोरं जमली होती. शिडीने परत उतरायची लाज वाटली. म्हटलं, खालच्या कठड्यावर उडी मारावी, तेवढं जमेल."

मला हायसे वाटले. ते तिला दिसले असावे.

"पण कठडा दिसलाच नाही. मुखवट्याची भोकं बारीक होती."

होती. अकरा पोशाखांच्या घाईत मी ती अंदाजाने पाडली, तिच्या तोंडाला लावून पाहिले नाही. आठ वर्षे मी एका वाक्यासाठी स्वतःला कोसत होतो आणि चूक हाताची होती.

"हे तू कोणाला सांगितलं नाहीस?"

"तुम्हालाच सांगणार होते. तुम्ही वर बघायचंच सोडलंत."

तिला शिवण येत नाही आणि शिकायचेही नाही. मशीन तिच्या गळ्यात मारू नये. तिला टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान काढायचे आहे. गाळा रस्त्याला लागून आहे. दारातली एकुलती पायरी मी गवंड्याकडून फोडून उतार करून घेतला आहे. मागच्या खोलीत तिला आईवडिलांसह राहता येईल.

५. आमच्या शरियतीप्रमाणे वारसाखेरीज इतरांना एक तृतीयांशाहून अधिक द्यायचे तर वारसाची संमती लागते. गाळा तृतीयांशाहून जास्त भरतो. अनसला तो विकून नाट्याचे घर नव्याने बांधायचे आहे. मी त्याला फोन केला.

"अब्बा, तिला टीव्हीने पाडली. सभेत तुम्हीच बोललात."

"खोटं बोललो."

मग म्हणाला, "बघतो."

ही संमती मी गेल्यानंतरच धरली जाते, आधी दिलेली चालत नाही. म्हणजे तो काय ठरवील ते मला कळायचे नाही. वकीलसाहेब म्हणाले, "मग गाळा राहू दे, तृतीयांशात बसेल अशी रोख रक्कम लिहा." रोख घेऊन ती चाळीस पायऱ्या कशी उतरणार? मी गाळाच लिहिला आहे.

अनस, हा हुकूम नाही. नाही म्हणायचा तुला हक्क आहे. पण ठरवण्याआधी एकदा पाखाडी चढ आणि तिच्यासमोर बस.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, वकीलसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो माझ्या मनासारखा असल्याने दोघा साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: ११ नोव्हेंबर २००७

सही: हाशिम इस्माईल वस्ता

साक्षीदार:
१. अभय श्रीधर केतकर, वकील
२. शिवा गणपत नार्वेकर, शेजारचे चहाचे दुकान

(खालची जागा माझ्या सांगण्यावरून कोरी सोडली आहे. हा. इ. वस्ता)

कलम ४ ला वारसाची संमती: ____________
अनस हाशिम वस्ता