सुकवारो, तुमच्या मसणवटीचे दगड राहिले

प्रिय सुकवारो,

आज तुझ्या टोल्याजवळून, तुमच्या गोंडांच्या वस्तीजवळून, पहिली मोटर गेली, देवरीकडून चिचगडला. सारं गाव बघायला लोटलं. मी बांधावर एकटीच उभी होते. तू असतीस तर पदर तोंडात धरून हसली असतीस. हे सांगायला कोणी नाही, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, माहीत आहे. मी वाचून दाखवीन. ऐकशील ना?

तापानं तू गेलीस आणि तुझ्या माणसांनी तुला गोंडांच्या जुन्या मसणवटीत पुरलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे दगड उभे आहेत, माणसाएवढे, कललेले, शेवाळ धरलेले. तुझा सगळ्यांत लहान. "मी मेली का माह्या आजीजवळ दगड ठेवजा," म्हणायचीस. ठेवला वो! आजीला अगदी चिकटून आहे.

मालगुजारी होती, गाव मालगुजाराच्या ताब्यात होतं, तोवर त्या जागेला कोणी हात लावला नाही. मालगुजारी गेली आणि मागून सडक आली. मुकादमानं दोरी ताणली ती सरळ मसणवटीतून. दगड फोडून गिट्टी करायची, म्हणाला. तुमचा भुमक, देवाधर्माचं बघणारा तो म्हातारा, हात जोडून उभा राहिला. त्याचं कोण ऐकतं?

पहिला घण पडला तो तुझ्या आजीच्याच दगडावर. कोपरा उडाला, दगड आणखी कलला. मी धानाचा भारा घेऊन शेतातून येत होते. भारा टाकला आणि त्या दगडाला पाठ लावून बसले.

मुकादम म्हणाला, "बाई, तुमी पोवाराच्या घरच्या. इथं तुमचं कोन आहे?"

"माही मैतरीन आहे."

"उठा. काम खोळंबून राहिलं."

"नाही उठत. मारा घण!"

मग टोल्यातल्या बाया आल्या. एकेक करून एकेका दगडाला टेकून बसल्या. सडकेचा साहेब येईपर्यंत आम्ही रोज बसलो. त्यानं सगळीकडे फिरून पाहिलं आणि दोरी नाल्याकडे सरकवली.

दगड वाचले, सुकवारो! पण नाल्याकडे काय होतं, तुला वेगळं सांगू का? आपली मोहाची झाडं. फुलं वेचताना तुझी टोपली भरली की तू माझ्या टोपलीत ओतायचीस, आणि मी नको म्हटलं की चिडायचीस. ती सगळी झाडं पाडली. मी बसले नसते तर झाडं राहिली असती, आणि तुम्ही सगळे गिट्टीत गेला असतात. काय करायला हवं होतं मी? यंदा फुलं वेचायला गेलेच नाही.

घरी ह्यांनी बोलणं टाकलंय. "पोवाराची सून गोंडाच्या मसणात बसली! लोक हासून राहिले," एवढंच शेवटचं बोलले. मी ताट वाढते, ते जेवतात, उठून जातात. टोल्यातल्या बाया आता मला मान देतात, बसायला घोंगडी अंथरतात, पण मोकळं बोलत नाहीत. मला मान नको होता वो. "काऊन वो सुभद्रे, तोंड काऊन उतरलं?" असं विचारणारी हवी होती. इतकी कसली घाई झाली होती तुला?

परवा भुमकानं आणि मी तुझ्या आजीचा दगड पुन्हा सरळ केला. गुरं शिरू नयेत म्हणून भोवती बोरीचे काटे लावले. काटे लावता लावता तो म्हणाला, "बाई, तुमी मेल्यावर तुमाले तर जाळतीन. तुमचं इथं येनं होत नाही." खरंच की. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मेल्यावरही आपण दोघी दोन ठिकाणी!

म्हणून जिवंत आहे तोवर येत जाईन. काटे मोडले तर नवे लावीन. पाऊस लागला की मसणवटीच्या कडेकडेनं मोहाच्या बिया रुजत घालीन. त्यांना फुलं धरतील तेव्हा मी नसेन. पण टोपल्या घेऊन कोणीतरी दोघी येतील.

तुझीच,
सुभद्रा