ती प्रार्थना नव्हती

बाबा,

तुमचा तो इंग्रज नट गेला. गेल्या आठवड्यात पेपरात अर्धं पान आलं होतं. गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत पडदे ओढण्यापासून सुरुवात, मग लंडनच्या रंगभूमीवरचे राजे, मग एक भुवई वर करून माणसं मारणारे सिनेमातले खलनायक, आणि उतारवयात अमेरिकेत येऊन केलेला तो भारतीय म्हातारा. तुमच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की मीच लिहून दिलं असतं. शेवटी लिहिलंय की शिकागोच्या त्या नाटकात, मरणाऱ्या बायकोच्या पायाशी बसून, त्याने एक प्राचीन भारतीय प्रार्थना पुटपुटली आणि ती ऐकणारे कधी विसरले नाहीत. डोंबलाची प्रार्थना! "गुडघ्याला तेल लावतेस ना गं? लावत जा." आईचं वाक्य होतं ते, तिच्या आईला म्हटलेलं.

तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, म्हणजे भांडायला उशीरच झालाय. पण होतात तेव्हा तरी कुठे भांडू दिलंत? हसून विषय बदलायचात. दिवसभर पंपांची ड्रॉइंग्ज काढणारे इंजिनियर, आणि घरात शिरलात की नट. शिकागोजवळ, नेपरव्हिलच्या आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये मराठी मंडळाच्या गणपतीच्या नाटकाची तालीम संपली की त्या इंग्रजाचा सिनेमा लावायचा, आणि दर मिनिटाला थांबवायचा. "बघ, श्वास कुठे घेतला बघ!" मी तेरा वर्षांची. "बाबा, प्लीज, आय हॅव होमवर्क." तुम्हाला ऐकूच यायचं नाही.

आणि तोच माणूस शिकागोत येणार, भारतीय म्हातारा करणार, आणि त्याला आपलं बसणं-उठणं-बोलणं शिकवायला कोणीतरी हवंय म्हटल्यावर कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. तीन दिवस तुमचं जेवणात लक्ष नव्हतं. दर शनिवारी ट्रेनने जाऊन तुम्ही त्याला मांडी घालायला शिकवायचात, हाताने वरणभात कालवायला शिकवायचात. तो म्हणाला, मला ॲक्सेंट नको, माणूस आपल्या माणसाशी घरात कसा बोलतो ते ऐकव. मग तुम्ही मंडळातल्या काका-काकूंना टेपरेकॉर्डरसमोर बसवलंत. बटण दाबलं की सगळे रेडिओवर बातम्या द्यायला बसल्यासारखे! नुसता कृत्रिमपणा. एकाचाही आवाज घरातला नव्हता.

घरातला आवाज आईच्या कॅसेटमध्ये होता. नागपूरला आजीला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, त्यामुळे पत्राचा उपयोग नव्हता, आणि फोन म्हणजे तीन मिनिटं "ऐकू येतंय का"ची ओरड. म्हणून आई कॅसेट भरायची. दुपारी किचनच्या टेबलाशी भाजी निवडता निवडता, दोन्ही बाजू. रडू यायला लागलं की वाक्य अर्ध्यात सोडायची, श्वास आत ओढायची आणि भलतंच काहीतरी विचारायची. गुडघ्याला तेल लावतेस ना गं? आजीची उलट कॅसेट आली की मगच पुढची भरायची, असा दोघींचा नेम होता. पाकीट ऑफिसातून पोस्टात टाकायचं काम तुमचं. त्या महिन्यातलं पाकीट तुम्ही फोडलंत आणि शनिवारच्या ट्रेनने शिकागोला नेलंत.

आई वाट बघत राहिली. एक महिना, दोन महिने. "पोस्टानेच घोळ घातला असेल," ती म्हणायची. आणि तुम्ही, बाबा, तिच्यासमोर बसून, तिने वाढलेली पोळी मोडत म्हणालात, "तिकडच्या पोस्टाचं काही खरं नाही." मी होते तिथे. कसं हो बोलवलं तुम्हाला?

मग मामाचा फोन आला, आजी गेल्याचा. नंतर त्याचं पत्र आलं. शेवटपर्यंत पोस्टमनची सायकल वाजली की विचारायची, माझ्या पोरीचा आवाज आला का? आईने ते पत्र घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि तुमचा डबा भरला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, तुम्ही आम्हाला नाटकाला नेलंत. आईला जायचं नव्हतं. "त्याने काय घेतलंय ते बघ तरी," तुम्ही म्हणालात. शेवटच्या प्रवेशात तो बायकोच्या पायाशी बसला, वाक्य अर्ध्यात सोडलं, श्वास आत ओढला आणि चक्क मराठीत म्हणाला, "गुडघ्याला तेल लावतेस ना गं? लावत जा." एवढ्या गर्दीत ते समजणारे आपण तिघंच. तुमचा चेहरा उजळला होता. आईने माझा हात धरला आणि इतका दाबला की मनगटावर वळ उठले.

एवढ्यावर तरी थांबायचं! पण तुम्ही आम्हाला रंगपटात नेलंत. त्या माणसाने आईचे दोन्ही हात हातात घेतले. "मॅडम, चार महिने रोज सकाळी मी तुम्हाला ऐकतोय." तो खरंच भारावला होता, त्याला काय माहीत? आई म्हणाली, "थँक्यू."

गाडीत ती एवढंच म्हणाली, "पाठवली नव्हतीत?"

"अगं, कॉपी करून पाठवणारच होतो. आपल्या टू-इन-वनला कॅसेटची एकच खाच, कॉपी करणार कशावर? म्हटलं, एकदा त्याचं बसलं की..." मग तुम्ही म्हणालात, "केवढ्या मोठ्या माणसाने तुझा आवाज उचलला, विचार कर!" आई खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "सकाळची भाजी आहे, गरम करू?" पुढे तुमच्याशी ती एवढंच बोलत राहिली, तुम्ही जाईपर्यंत. तुम्हाला वाटलं, विसरली. बायको अशी विसरते का हो?

मला तुमचा राग आहे, बाबा, अजून आहे. तुम्ही तिचा आईसाठीचा निरोप परक्याला तालमीसाठी दिलात, आणि तुमच्या शोकसभेत मंडळाने तुमच्याबद्दल सांगितलं तेही हेच, किती कौतुकाने! आई पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. आता ती माझ्याकडेच असते. गेल्या आठवड्यातला तो पेपर मी तिला दाखवलेला नाही, आणि हे पत्रही कुणाला दाखवणार नाही, कारण यात माझंही एक आहे. ती कॅसेट भरली जात होती तेव्हा मी बाजूच्या खोलीत होते. आईचा आवाज फुटायला लागला आणि मी वैतागून टीव्ही मोठा केला. तेच वाक्य त्या इंग्रजाने म्हटलं तेव्हा मात्र, ते कुणाचं हे लक्षात यायच्या आत, मला रडू फुटलं होतं.