स्वामींना आधी माती द्या

मी बिरप्पा सायबू धनगर, मूळ राहणार मैंदर्गी, मधी सोलापूरच्या गिरणीत, हल्ली मुक्काम कॅलिफोर्निया, वय अंदाजे चोवीस, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. कुणी धाक घातलेला नाही, नशापाणी केलेलं नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. पाय मात्र जन्मात कधी ठिकाणावर नव्हते. छातीत ताप भरलाय, खोकला आला की टाक उडतो, तरी अक्षराला हसू नये. हे अक्षर मला हिकडं घेऊन आलेल्या महादेवप्पा स्वामींनी शिकवलं. गावात हा कागद शाळेचे सिद्धाराम मास्तर वाचतील. मास्तर, मोठ्यानं वाचा, आईला कमी ऐकू येतं.

कलम पहिलं. माझ्या जिनगीआधी स्वामींचं.

स्वामी परवा पहाटे गेले, याच तापानं. लिंगायताला आडवं पुरत नाहीत, बसवून पुरतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. अंग ताठायच्या आत मी त्यांची मांडी घातली, पाठीला फळी दिली, कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर त्यांचं इष्टलिंग ठेवलं. हितं विधी करायला जंगम कुठला आणू? जे येत होतं ते केलं आणि फावडं शोधायला बागेत गेलो. परत येतो तर सकाळच्या ध्यानाची गोरी मंडळी आलेली, आणि स्वामी बसलेले बघून समोर डोळे मिटून बसलेली. दाराला कडी घालायचं मला सुचलं नाही.

मी ओरडलो, "स्वामी वारले!" हेलनबाई, ज्यांचा हा बंगला, त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोल. ते ध्यानात आहेत."

त्यांना तरी काय बोलू? दोन सालांमागं स्वामी असेच दिवसभर बसले होते. डॉक्टरनं नाडी बघितली, टोपी काढून उभा राहिला. तेवढ्यात स्वामींनी डोळे उघडून विचारलं, "बिरप्पा, चहा झाला का रं?" सगळे हसून लोळले. तेव्हापासून हितं डॉक्टरच्या शब्दाला किंमत नाही. पोलिसांत जावं तर ते स्वामींना फाडून बघतील. मी पाय धरून सांगितलं, वास येतोय हो बाई. त्या म्हणाल्या, "तो फुलांचा."

म्हणून संत्र्याच्या बागेत मी एकटा खड्डा खणतोय. वर पाऊस. खणावं तेवढं पाणी भरतं. ह्या तापात मी खड्ड्यातच पडलो तर पुढं हे करावं: खड्डा बसत्या माणसाच्या डोक्याच्या वर खोल असावा, तोंड उत्तरेला करून बसवावं, अंगाभोवती मीठ आणि विभूती भरावी. बेल मिळणार नाही, संत्र्याची पानं घालावीत. स्वामी रागावणार नाहीत. ते कशालाच रागावत नसत, तेच मला सहन होत नसे.

कलम दुसरं. माझ्या वाट्याची मेंढरं बहीण राजाबाईला. ज्ञानबादादाला एकसुद्धा नाही. सोलापूरच्या स्टेशनात चारचौघांत तो म्हणाला होता, "जा, गोऱ्यास्नी बसाया शिकीव! तुला तर जेवतानाबी बसता येत न्हाय की!" स्वामी हसून म्हणाले, "म्हणून तर नेतो. मी बसणार, हा पळणार." खरंच तसं झालं. ते हजारोंना श्वास धरायला शिकवत होते, मी दिवे, चटया, भात. मला एकदाही डोळे मिटून नीट बसता आलं नाही.

कलम तिसरं. आज्ज्यानं विणलेलं घोंगडं. दादा म्हणाला होता, बोटीवर इकून खाशील. विकलं नाही, दादा. स्वामी त्यावरच बसलेत. ते त्यांच्याबरोबर मातीत जाईल. एवढ्यापुरती माफी कर.

कलम चौथं. लोकर कातरायची कातर केहरसिंगला. तो पंजाबी, बागेत मजुरीला आहे, संध्याकाळी येऊन खड्ड्यातलं पाणी उपसतो आणि मला शिव्या देतो, "अरे भाई, पहले तू तो बच!"

कलम पाचवं. आईकडं माझा भगव्या कपड्यातला फोटो आहे. तो देव्हाऱ्यात ठेवू नये. फोटोवाल्यानं बस म्हटलं म्हणून बसलो. हितले लोक आता म्हणतात, स्वामी उठले नाहीत तर गादीवर तू बस. ती गादी माझी नाही, म्हणून कुणाला देत नाही.

कलम शेवटचं. मी मेलो तर मला मांडी घालून बसवू नये, कुणी कितीही भक्तीनं म्हटलं तरी. मला आडवं ठेवावं, अगदी सपाट. बसलेला दिसलो तर हे लोक माझ्यासमोरही चटया टाकतील, आणि मला उठवत नाही हो आता.

बिरप्पा सायबू धनगर, सही दस्तुरखुद्द.
साक्षीदार: केहरसिंग, अंगठा.
साक्षीदार: हेलनबाई, सही इंग्रजीत.

ता. ११ जानेवारी १९३१, संत्र्याची बाग.

जादा मजकूर: सही करताना हेलनबाईंनी विचारलं, "हा कसला कागद?" म्हटलं, मी मेल्यावरचा. "आणि गुरूंनी असा लिहिला नाही?" म्हटलं, त्यांनी लिहून काय उपयोग, तुम्ही त्यांना मरूच देत नाही. त्या आत गेल्या. आता आतून रडण्याचा आवाज येतोय. आधी एकीचा, आता पुष्कळांचा. केहरसिंग पाणी उपसायला उतरलाय. मी फावडं घेऊन निघतो. स्वामींना उचलायला चार माणसं लागतील, ती आता मिळतील.